गुलाबी पोटाच्या गाड्या

गावंडे बाईंशी रंगावरून वाद घालून जिंकलेला माणूस मी उभ्या अमरावतीत पाहिला नाही. आणि मी काही रंगातला अडाणी नव्हे. माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. काळ्या-पिवळ्या जीपचा पिवळा कोणता आणि ट्रकच्या फाळक्याचा पिवळा कोणता, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण बाईंचा दातांचा दवाखाना बरोबर माझ्या डोक्यावर, आणि त्या जिना उतरून खाली आल्या की माझं दुकानदारपण संपायचं. ग्राहकाच्या हातातला रंगाचा डबा त्या खुशाल काढून घ्यायच्या, झाकण उघडायच्या, आणि त्याच्या तोंडावर सांगायच्या, हा तुझ्या गाडीचा रंग नाही, दुसरा घे. ग्राहक गपगुमान दुसरा घ्यायचा. पहिल्या डब्याची किंमत कमी का जास्त, हे कोणी पाहायचं नाही.

डॉक्टर शकुंतला गावंडे. उंच, हाडापेरानं मजबूत, सुती साडीवर पांढरा कोट, आणि आवाज असा की वर पेशंटला “आ कर” म्हणाल्या की खाली माझा हमाल तोंड उघडायचा. लोक त्यांना दातवाल्या बाई म्हणत. त्यांना स्वतःला मात्र दातांपेक्षा गाड्यांचा अभिमान जास्त होता. तळहातावर मावतील एवढ्या गाड्या. एसटी, ट्रक, अॅम्बॅसडर, ट्रॅक्टर, तीनचाकी, दुधाचा टेम्पो. खेळण्याच्या दुकानातून धातूच्या गाड्या आणायच्या, त्या करवतीनं कापायच्या, लांबवायच्या, छप्पर उडवायचं, आणि जो भाग मिळत नाही तो मेणात कोरून, साचा करून, कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतात त्या गुलाबी मसाल्यात घडवायचा. वरून अस्सल रंग. खालून, म्हणजे गाडी उलटी केली की, पोट हिरडीसारखं गुलाबी. ते रंगवायचं नाही हा बाईंचा नेम होता. कोणी केली हे कळलं पायजे, असं म्हणत. नम्रपणा हा शब्द त्यांच्या शाळेत शिकवला नव्हता.

दाताचा रंग जुळवायला दवाखान्यात एक पट्टी असते. तिच्यावर पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत खोटे दात ओळीनं लावलेले असतात, ती पेशंटच्या ओठापाशी धरायची आणि कवळीचा रंग ठरवायचा. बाईंनी तशीच पट्टी गाड्यांसाठी केली होती. तिच्यावर पत्र्याचे तुकडे. एकाच पिवळ्याचे कितीतरी भाऊबंद: नवा पिवळा, दोन उन्हाळे खाल्लेला पिवळा, कापसाच्या हंगामात धुळीनं मळलेला पिवळा. भर दुपारी त्या पट्टी घेऊन रस्त्यावर यायच्या आणि उभ्या जीपच्या बॉनेटला ती लावून डोळे बारीक करून पाहायच्या. रंग उन्हात पाहायचा, ट्यूबलाइट लबाड असते, असं त्यांचं म्हणणं. नवखे ड्रायव्हर आरटीओची बाई समजून पळून जात.

पेशंटचेही हालच म्हणा. एकदा एक नामांकित वकीलसाहेब खुर्चीत तोंड वासून पडले होते. इंजेक्शन दिलेलं. बाई बाजूच्या टेबलावर ट्रकच्या मडगार्डवर फुंकर मारत बसल्या होत्या. वकिलांनी जमेल तसं विचारलं, की बाई, माझ्या दाढेकडे लक्ष आहे ना? बाई म्हणाल्या, तुमची दाढ बधिर व्हायला अजून वेळ आहे, माझं मडगार्ड आत्ता सुकून राहिलं. वकीलसाहेबांनी ही गोष्ट बाररूममध्ये स्वतः सांगितली, मोठ्या कौतुकानं. कारण हात मात्र असा हलका, की दाढ निघाल्याचं माणसाला ती ट्रेमध्ये टणकन पडल्यावर कळावं. आणि कवळीच्या संचातले उरलेसुरले दात घासून, चमकवून त्यांनी ट्रकचे दिवे केले होते. मी ते पाहिलेत. खोटं वाटत असेल तर राहू द्या.

एकदा बाई पुण्याला गेल्या, छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनाला. नेली होती चांदूर बाजारची एसटी. मागच्या काचेवर चिखल, टपावर सायकल, आणि खिडक्यांखाली ओकारीचे वाळलेले ओघळ. परीक्षक बिचारा सज्जन. तो म्हणाला, काम अप्रतिम आहे, पण गाडी तिच्या मूळ स्थितीत दाखवायला हवी. बाईंनी विचारलं, मूळ म्हणजे कोणती? कारखान्यातून निघाल्यावर तासभर असते ती? बाकीची वीस वर्षं ती अशीच असते. त्याला हे उद्धट वाटलं असणार, पुण्याच्या कानाला आमचं साधं बोलणंही भांडण वाटतं. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. परत आल्यावर बाई महिनाभर ज्याला त्याला सांगत होत्या, की यंदा त्यांनी बक्षीस शोरूमला दिलं.

मग ती वर्षं आली. कापसाचं काय झालं, माणसांचं काय झालं, ते सगळ्यांनी पेपरात वाचलं आहे, मी नव्यानं सांगत नाही. माझ्या गल्ल्यावर बसून मला एवढंच दिसायचं, की लोक नवा पार्ट घेईनात. जुनाच घासून बसव म्हणायचे. नंतर तेही म्हणेनात, कारण गाडीच विकलेली असायची. जिनिंगवाल्याची अॅम्बॅसडर गेली, दूधवाल्याचा टेम्पो गेला, लग्नात बँडवाल्यांना नेणारा मेटॅडोर गेला. शहराच्या रस्त्यावर कोण मेलं ते कळत नाही, पण कोणती गाडी दिसेनाशी झाली ते आम्हा लोकांना लगेच कळतं.

आणि एक रीतच पडून गेली. गाडी विकायच्या आदल्या दिवशी मालक ती माझ्या दुकानासमोर आणून उभी करायचा आणि वर निरोप पाठवायचा. बाई कोट घालूनच खाली येत. टेप, पट्टी, कागद. कुठं पोचा आहे, कोणत्या दाराचा रंग वेगळा, आरशाला कोणत्या दर्ग्याचा धागा, मागं काय लिहिलेलं, सगळं टिपून घेत. दोन-तीन महिन्यांनी ती गाडी वर काचेच्या कपाटात हजर. पैसे घेत नसत. गाडीही देत नसत. घरी नेली की लेकरं खेळतील, चाक मोडेल आणि पुन्हा रडत याल, असं तोंडावर सांगत. ज्याला पाहायची त्यानं इथं येऊन पाहावी. लोक यायचे. दात न दुखणारी माणसं त्या दवाखान्यात तासन्‌तास बसलेली मी पाहिलीत.

माझा थोरला भाऊ सत्तार, आमचा भाईजान, त्याची जीप मात्र तिथं आली नाही.

भाईजानची काळी-पिवळी अमरावती-वलगाव-चांदूर बाजार चालायची. त्याच जिवावर त्यानं मला दुकान टाकून दिलं, बहिणींची लग्नं केली. रोज दुपारी ती जीप माझ्या दारात उभी असायची आणि भाईजान बॉनेटवर बसून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलायचा. बाजार बसले तसे शिटा मिळेनाशा झाल्या. डिझेलही निघेना. एका सकाळी त्यानं कोणाला न सांगता जीप अकोल्याकडच्या एका माणसाला देऊन टाकली, पायी घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडला. तो उठलाच नाही. म्हणजे उठायचा, भाभीनं ताट दिलं तर दोन घास खायचा, पण बोलणं बंद. रडणं नाही, रागावणं नाही, मुलांवर ओरडणं नाही. डोळे उघडे ठेवून पडून असायचा.

त्या वर्षांत घरातला कर्ता माणूस गप्प झाला की काय होतं, हे आम्हाला माहीत होतं. गल्लोगल्ली माहीत होतं. भाभीनं एक दिवस मिस्त्री न बोलावता, स्वतः पेचकस घेऊन न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली. आम्ही आळीपाळीनं त्याच्याजवळ बसत होतो. मी दुकानात असलो की माझा जीव घरी, आणि घरून फोन आला की ग्राहकाला तसाच सोडून धावायचो. मला भाऊ गमवायचा नव्हता. बाप लवकर गेला होता, मला बाप म्हणून तोच आठवतो.

बाईंना हे मी बोलता बोलता सांगितलं. आणि लोक म्हणतात तसं वर म्हणालो, की निदान शांत आहे, बाई. काही त्रास देत नाही.

बाईंनी हातातली कानस खाली ठेवली.

“दात दुखून दुखून एका दिवशी दुखायचा थांबते, तवा पेशंटले वाटते का बरा झाला. तो बरा नाही होत, रफिक, तो मरते. तुह्या भावाले दुखलं पायजे.”

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी. चपला काढल्या, बाजेपाशी स्टूल ओढलं आणि भाईजानला सांगितलं, कपडे कर, अकोल्याला जायचं आहे. तिथं त्यांच्या ओळखीचे एक मनाचे डॉक्टर होते. अमरावतीत दाखवलं तर मोहल्ल्यात नाव होईल, अशी आमच्या अम्मीला भीती. बाईंनी त्या भीतीवर वाद घातला नाही, अकोला काढलं. एसटीनं, स्वतः सोबत बसून. पुढं दर पंधरवड्याला हेच. गोळ्या त्या डॉक्टरच्या, त्याची गाडी घडवणार मी, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. जाताना-येताना बाई त्याच्या शेजारी बसून जीपबद्दल विचारत. हूड कोणत्या रंगाचं होतं, गिअरच्या मुठीवर काय होतं. भाईजान खिडकीबाहेर पाहायचा. गोळ्यांनी त्याला झोप येऊ लागली, ताटातलं संपू लागलं. बोलणं मात्र काही नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळ लागणं हा प्रकार बाईंना मुळातच मंजूर नव्हता.

मी म्हणालो, बाई, जीप मला पाठ आहे, मी सांगतो सगळं. त्यावर मिळालेलं उत्तर मी जन्मभर विसरणार नाही. “गाडी तुही होती काय?” संपलं.

मग सुरू झाल्या ट्रायल. कवळी पक्की करण्याआधी ती मेणात करून पेशंटच्या तोंडात बसवतात, आरसा देतात, आणि तो हो म्हणाला तरच पुढं जातात. बाई गाड्यांचीही ट्रायल घेत. भाईजानला घरून आणायचं, दातांच्या खुर्चीत बसवायचं, आणि स्टीलच्या ट्रेमध्ये अर्धवट जीप ठेवून त्याच्यापुढं धरायची. पहिल्यांदा त्यानं नुसतं पाहिलं. नंतर एकदा मागच्या बाकाकडे बोट केलं. बाई ओरडल्या, हो का नाही ते तोंडानं सांग, मी मुक्याचे दात करत नाही. मला फार राग आला होता त्या दिवशी. आजारी माणसाशी असं बोलतात का? जिन्यात मी त्यांना तसं म्हणालोही. बाईंनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पुढं एक दिवस त्यांनी रंगवलेली जीप ट्रेमध्ये ठेवली. मी दाराशी उभा होतो. तोच पिवळा, तेच काळं हूड, डाव्या दारावर तेच घासलेलं. सवयीनं बाईंनी भाईजानच्या गळ्यात पेशंटचा टॉवेल बांधला होता. तो तसाच वाकला. जीप हातात घेतली, फिरवली, समोरून पाहिली, आणि पुढच्या जाळीच्या उभ्या पट्ट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिला.

“बाई,” तो म्हणाला, “हे जाळी माह्या गाडीची नाही.”

कितीतरी दिवसांनी ऐकलेला आवाज. पण बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या कामाला कोणी नाही म्हटलं होतं. जाळी जाळीसारखी असते, असं त्या म्हणाल्या. मी रोज खिडकीतून पाहत होते तुझी जीप.

“पाह्यली तर सरळ काहून केली?” भाईजानचा आवाज चढला. “डाव्या अंगाच्या पट्ट्या वाकेल होत्या. सगळ्या. वलगावची बाई होती मांगं, दिवस भरेल, कळा देऊन राहिली होती. दिवेलागणीले रोही आडवं आलं. थांबलो असतो तं ते बाई गेली असती. म्या गाडी थांबवली नाही. लेकरू झालं, चांगलं झालं. प्रत्येक मिस्त्री म्हने सरळ करून देतो. म्या कोनाले हात लावू देला नाही. आन्‌ तुमी सरळ केली? तुमी कोन सरळ करनार?”

हे घरात कोणाला माहीत नव्हतं. मलाही नाही. रोही, म्हणजे नीलगाय, धडकली एवढंच त्यानं सांगितलं होतं, आणि ती वाकडी जाळी वर्षानुवर्षं माझ्या दुकानासमोर उभी राहून मला कधी दिसली नव्हती. तो ओरडत होता, खाली रस्त्यावर माणसं थांबली होती. मग ओरडता ओरडता तो रडायला लागला. मोठ्यानं, खांदे गदगदा हलवत, त्या टॉवेलमध्ये तोंड खुपसून. मी पुढं झालो तर बाईंनी हातानं मला जागीच थांबवलं.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी जीप उचलून खिडकीपाशी नेली, उन्हात धरली, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग परत येऊन म्हणाल्या की हो, मी सरळ केली. मले वाकडी दिसली होती. माहा हात दाताचा आहे, वाकडं दिसलं का सरळ करते, मले कळलंबी नाही. एवढं बोलून त्यांनी पक्कड घेतली आणि रंगवलेली, चकचकीत जाळी त्याच्यासमोर उपटून टाकली. त्याच्या हातात मेणाची नवी जाळी दिली. म्हणाल्या, दाखव कशी होती.

भाईजाननं नाक पुसलं आणि अंगठ्यानं मेण दाबलं. थोडं डावीकडे, थोडं आत. पुन्हा पाहिलं, पुन्हा दाबलं. तीच जाळी पुढं साच्यात गेली.

नंतर मी मूर्खासारखं बाईंना विचारलं, की तुम्ही मुद्दाम चुकवली होती ना, तो बोलावा म्हणून? असं काही असेल तर मला त्यांचे पाय धरायचे होते. बाई इतक्या संतापल्या की काय सांगू. मी मुद्दाम वाईट काम करीन? गावंडे? पुढचे कितीक दिवस त्या माझ्या दुकानात आल्या नाहीत, रंगाचे डबे शेजारच्या दुकानातून मागवत राहिल्या.

जीप पूर्ण झाली तेव्हा आम्ही सगळेच वर गेलो होतो. भाभी, मुलं, अम्मीसुद्धा. भाईजान एव्हाना घरात थोडं थोडं बोलू लागला होता, पण लागेल तेवढंच. अजूनही भाभीची नजर त्याच्यावरून हटत नव्हती, आणि कडी काही दाराला परत लागली नव्हती. त्यानं जीप पाहिली आणि मान हलवली. बाईंनी बारीक ब्रश काढला. नंबर प्लेट शेवटी, मालकासमोर लिहायची हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी नंबर विचारला.

भाईजाननं जीपवरची नजर काढून भिंतीकडे वळवली. मला वाटलं, गेलं, पुन्हा बुडाला हा.

“नंबर नका टाकू, बाई,” तो म्हणाला. “तो नंबर अकोल्यात चालून राहिला. एका नंबरच्या दोन गाड्या झाल्या तं तुमच्यावर केस होईन.”

आधी कोणाला समजलंच नाही. मग भाभीला हसू फुटलं, आणि ते असं फुटलं की तिला जमिनीवर बसावं लागलं. अम्मीला काही ऐकू आलं नव्हतं, तरी ती हसत होती. मी खाली दुकानात गेलो, शटर अर्धं ओढलं आणि मनसोक्त रडून घेतलं. वरून बाईंचा आवाज येत होता, की हा काय चावटपणा आहे, बिनानंबरची गाडी माझ्या कपाटात आजवर लागली नाही. लागली मात्र तशीच.

पुढं भाईजान एका शाळेची गाडी चालवू लागला. काही वर्षांनी स्वतःची एक जुनी व्हॅन घेतली. बाईंचे गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा मुलीनं त्यांना नागपूरला यायला लावलं. तिकडेच त्या वारल्या. आम्हाला दोन दिवसांनी कळलं, माती द्यायलाही जाता आलं नाही, याची खंत मला आहे आणि राहील. म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्याच दिवशी, माझ्या दुकानाच्या दारातून.

व्हॅन भाईजानची. मागं कापसात गुंडाळलेल्या गाड्यांचे खोके, पुढं बाई, मांडीवर अजून एक खोका. दवाखान्याला कुलूप लागलं होतं, पण निरोप घ्यायला कोणाला सवडच नव्हती. बाई भाईजानला बजावत होत्या, की तिवस्यापर्यंत रस्ता खराब आहे, तिथवर गाडी माणसाच्या चालीनं चालव, खोक्यांना हिसका बसला तर बघ. भाईजाननं चावी फिरवता फिरवता हात थांबवला. तो म्हणाला, तीस वर्षं झाली मले गाडी हाकताना, तुमाले दात काढाले म्या शिकवलं काय? बाई म्हणाल्या, शिकवलं असतं तर चार दात जास्त चांगले काढले असते काय मी? भाईजान म्हणाला, खोका मांडीवरचा मागं ठेवा, पट्टा लागत नाही. बाई म्हणाल्या, खोका हलणार नाही, पट्टा लागत नसेल तर तो तुझ्या गाडीचा दोष.

दोघांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वर केलेला हात तसाच राहिला. व्हॅन निघाली, खिडक्या उघड्या होत्या, आणि ती चौकातून वळेपर्यंत माझ्या भावाचा भांडतानाचा आवाज मला ऐकू येत होता.